सूर्याला कोण म्हणणार, डावीकडं सरका

पाथरी
२२ नोव्हेंबर १९९३

सरजा,

हे पत्र कामाचं आहे, म्हणून स्टुडिओच्या छापील कागदावर लिहायलोय. आशीर्वाद वगैरे मजकूर ह्यात नाही. शोधू नकोस.

काम असं की आपला फोटोमागचा पडदा गेला. तोच, तळं, नारळाची झाडं, दोन राजहंस आणि मधी मावळता सूर्य. उंदरांनी नेमका सूर्य खाल्ला बघ. बाकी सगळं शाबूत आहे, हंससुद्धा. मधी एवढं मोठं भोक, अन् त्यातून मागची पोपडे आलेली भिंत दिसते. हल्ली लग्न झालेलं जे जोडपं येतं त्याला सूर्यास्तच लागतो. 'पिक्चरमधी असतो तसा काढा' म्हणतात. असले पडदे रंगवणारा माणूस परभणीत आता कुणी उरला नाही. मग मी म्हटलं, खरा सूर्य कालव्याच्या पुलावरून रोज मावळताना दिसतोच की, तोच काढू. नमुन्याला काचेत लावायला चार-दोन फोटो झाले की गिऱ्हाइकाला तिकडंच नेता येईल.

पुलावर जाऊन काढलेले फोटो सोबत आहेत. एकही धड नाही. का नाही, तेच मला उमजेना. सूर्य बरोबर मधोमध घेतलाय. दोन्ही अंगाला एकेक बाभळ, करवल्या उभ्या कराव्यात तशी. जमीन अर्धी, आभाळ अर्धं. फोकस स्वच्छ, उजेडाचा अंदाज बरोबर. तरी फोटो मेलेला. डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला होता, अन् कागदावर बघितलं तर शेंदरी टिकली. एवढी वर्षं ह्या धंद्यात घालवून मला सूर्य काढता येऊ नये?

तुला विचारायचं कारण एवढंच की डार्करूममधी तू माझ्यासोबत वाढलीस, अन् तुझी नजर चांगली होती. हे मी तुला आधी कधी म्हणालो नाही. कामावरच्या माणसाला तोंडावर चांगलं म्हटलं की तो बिघडतो. ते असो.

तुझ्या आईनं विचारलंय की रजिस्टर ऑफिसात तुमच्या लग्नाचा एखादा फोटो कुणी काढला का. तिनं विचारलंय, मी नाही. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत मीच कॅमेरा घेऊन उभा होतो, मला लग्नाच्या फोटोचं अप्रूप नाही. सिताराम मास्तरशी लग्न करणार म्हणून तू मे महिन्यात सांगितलंस, मी नांदेडला येणार नाही म्हणून सांगितलं. तू केलंस, मी आलो नाही. दोघंही शब्दाला जागलो. दिवाळसणाला तुमी येताल म्हणून तुझी आई अनारशाचं पीठ भिजवून बसली होती. शेवटी अनारसे शेजारीपाजारी वाटून टाकले.

फोटोच्या मागं काही लिहून पाठवलंस तर बरं. नाही पाठवलंस तरी बरं.

आपला,
दत्तराव
प्रोप्रायटर


पाथरी
९ डिसेंबर १९९३

सरजा,

फोटो परत मिळाले. पाकिटात पत्र नाही, नुस्ते फोटो. एकाच्या मागं तांबड्या पेन्सिलीनं लिहिलंयस, 'सूर्य काय नवरदेव आहे का, मधोमध बसवायला?' दुसऱ्याच्या मागं एकच शब्द, 'सरका.'

कोण सरका? मी का सूर्य?

दोन दिवस डोकं खाजवलं. मग स्टुडिओत झाडताना फरशीकडं लक्ष गेलं. कॅमेऱ्याच्या स्टँडच्या तीन पायांनी तिथं खड्डे पडलेत, लहानपणी तू त्यात चिंचोके टाकायचीस. तो स्टँड मी कधी हलवलाच नाही गं. हलतं ते समोरचं माणूस. 'पाव्हणं, डावीकडं सरका. हनुवटी खाली. वहिनी, पदर नीट.' आता सूर्याला कोण म्हणणार, डावीकडं सरका?

मग मीच सरकायला लागलो. आपला हा दोन भिंगांचा जुना कॅमेरा तुला माहीत आहे, वरून वाकून बघायचं, अन् आत डावं ते उजवं दिसतं. एकाच जागी उभं राहून वीस वर्षं कधी अडचण आली नाही. पण पुलावर मी एकीकडं सरकलो की आतला सूर्य भलतीकडंच पळतो. खाली मान घालून मी खेकड्यासारखा इकडून तिकडं, तिकडून इकडं. एक गडी सायकलवरून उतरून म्हणाला, 'दत्तराव, काई हरवलं का? मी बी हुडकू लागतो.' त्याला काय सांगू?

तर सूर्य एका अंगाला घेतलाय. बघ. आता मधी काहीच नाही. ग्रुप फोटोत मधलं माणूस उठून गेलं अन् खुर्ची तशीच राहिली, असं दिसायलंय. हे तुला चांगलं वाटतं? मला तर बघवत नाही.

ह्यात एक फजिती झाली, ती ऐक. झरीच्या मुंजाजीच्या लेकाचं लग्न झालं. सगळं घर जीपमधी बसून आलं, सूर्यास्तातच काढा म्हणून. पुलावर जोडपं उभं केलं, पाठीमागं सूर्य. प्रिंट आली तर आभाळ केशरी बहारदार, अन् नवरा-नवरी काळी ठिक्कर. ना कुंकू, ना मंगळसूत्र, ना नाकडोळे. मुंजाजीची बायको बायनाबाई फोटो हातात धरून उभी राहिली. 'आवो, ही आमची सून हाय का तिची सावली? भरल्या घरात असला काळा फोटु लावू का मी?' मुंजाजी म्हणाला, 'फोटोवाले, तुमी सूर्याचा काढला का आमचा?' खरंच, कुणाचा काढला मी? सूर्य घ्यावा तर माणसं जातात, माणसं घ्यावीत तर सूर्य पांढराफटक होतो. ह्याला काही इलाज आहे का?

गावात विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा सुरू झालंय. बसस्टँडवर ह्या बाजूची पोरं घोषणा देतात, दुपारी त्या बाजूची. अन् दोन्हीकडची पोरं पासपोर्ट साईजला माझ्याकडंच येतात, एकाच स्टुलावर बसतात, एकाच कंगव्यानं भांग पाडतात. कुणाचं बरोबर, मला समजत नाही. सोळा वर्षं समजलं नाही. त्यात येणारा जाणारा हळूच विचारतो, 'पोरगी बौद्धाच्या घरात दिली म्हणे?' मी म्हणतो, दिली नाही, गेली. अन् मग दिवसभर फोटो बिघडतात.

तुझ्या आईनं हलवा करायला घेतलाय. परातीत तीळ घेऊन बसते अन् पाकाचा थेंब थेंब टाकत बोटांनी फिरवत राहते. थंडीत काटा चांगला येतो म्हणे. तिनं एक काळी साडीही आणून ठेवलीय. 'हलव्याचे दागिने पहिल्या संक्रांतीलाच अस्तेत, पुढच्या साली चालत न्हाईत. पोरीला अन् जावयाला बोलवा, एक फोटो काढा. मला दुसरं काई नको,' म्हणते. मी म्हटलं, मला वेळ नाही. तर म्हणते, 'रोज सांजच्याला पुलावर नाचायला बरा वेळ हाय.'

दत्तराव


पाथरी
२४ डिसेंबर १९९३

चि. सरजा,

तू माझं आभाळ कापलंस!

पाकीट उघडलं अन् फोटोऐवजी फोटोची पट्टीच हातात आली. वरचा निम्मा भाग कात्रीनं साफ उडवलेला. मागं लिहिलंयस, 'वर काही नव्हतं. खाली काय आहे?' अगं, त्याच आभाळासाठी मी गारठ्यात उभा होतो. पहिल्यांदा असा राग आला की पट्टी गल्ल्यात टाकून दिली. दुपारी पुन्हा काढून बघितली. मग संध्याकाळी पुन्हा. फोटो सुधारलाय. कसा सुधारलाय ते मला सांगता येणार नाही, पण सुधारलाय. कापून वाढतं हे काय गौडबंगाल आहे?

मग मला नसता नाद लागला. घरातले जुने फोटो काढले अन् त्यांवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवून बघायलो. हे झाकलं तर बरं दिसतं का, ते झाकलं तर? आपला तिघांचा तो जत्रेतला फोटो आहे ना, तू कुल्फी धरलेला. त्यात ह्याला झाक, त्याला झाक, सगळं करून बघितलं. एकही बरा दिसला नाही. तुझी आई दारातून बघत होती. म्हणाली, 'कुणाला काढून टाकायलाव?' मी म्हटलं, शिकायलोय.

खाली काय आहे म्हणून विचारलंस, म्हणून कालव्याच्या काठाला पालथा पडलो. पोटावर. ह्या वयात. जमिनीला टेकून बघितलं तेव्हा समजलं, खाली पुष्कळ काही होतं. काठची ज्वारी, तिची कणसं आभाळाला लागलेली. पाण्यात दुसरा सूर्य, थोडा लांबट. मी उभा राहून बघत होतो तेव्हा हे सगळं पायाखाली होतं. हा फोटो पाठवतोय. ह्याला कात्री लावशील तर याद राख. अन् हो, मला तसं पडलेलं बघून दोन बाया तांब्याभर पाणी घेऊन पळत आल्या, फोटोवाल्याला भोवळ आली म्हणून. मी उठेपर्यंत एकीनं डोक्यावर ओतलंसुद्धा.

आणखी एक बघितलंय, ते तुला सांगतो. नोव्हेंबरात सूर्य पंपाच्या खोलीपाशी बुडायचा. रोज थोडा थोडा डावीकडं सरकत तो आता चिंचेच्या मागं गेलाय, अन् तिथंच अडकून बसलाय. म्हणजे सूर्यही सरकतो. कुणी न सांगता.

आता तू दुसऱ्या फोटोच्या मागं जे लिहिलंयस त्याचं. 'सूर्य बुडाला की सामान आवरू नका, थांबा. आणि एकदा मागं वळून बघा, तो उजेड कशावर पडतो ते.' थांबायचं ठीक आहे. तिन्हीसांजेला दुकानात दिवा लावायचा असतो, पण एखाद दिवस उशीर झाला तर देव काही म्हणणार नाही. मागं वळायचं मात्र मला सांगू नकोस. मागं पूर्व आहे. मागं भीमनगर आहे. संध्याकाळी पूर्वेला बघायची मला सवय नाही.

अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा होता, नामांतराची दंगल चाललेली. तू शाळेत नुकतीच जायला लागली होतीस. आपण दोघं माळवदावर होतो, वाळत घातलेले कपडे काढायला. तू म्हणालीस, 'आप्पा, आज सूर्य तिकडं कसा काय बुडायलाय?' मी बघितलं तर पूर्वेला लाल झालेलं, लांब कुठल्यातरी खेड्याच्या अंगाला. मी तुला उचललं अन् खाली आणलं. तू जिन्यात तेच विचारत होतीस. लेकराला काय सांगावं माणसानं? तेव्हापासून तिन्हीसांजेला मी तिकडं बघत नाही. तुला आठवत नसेल, लहान होतीस.

दत्तराव


पाथरी
६ जानेवारी १९९४

चि. सरजा हिस आशीर्वाद.

ज्वारीच्या फोटोला तू कात्री लावली नाहीस. मागं नुस्तं 'हा ठेवा' लिहिलंस. मी दुकानात बसलेल्या तीन गिऱ्हाइकांना तो दाखवला. पण त्याखाली बारीक अक्षरात जे लिहिलंस, ते त्यांना दाखवलं नाही. 'मला आठवतं. ते सितारामचं गाव होतं. त्यानंतर आठ दिवसांत आत्याबाई त्याला घेऊन पाथरीला आल्या.'

चांगुणाबाई, तुझी सासू, तिथून आली होती होय? इतकी वर्षं ती बाई कालव्यापलीकडं भीमनगरात राहते, सिताराम दहावीच्या फॉर्मचा फोटो काढायला माझ्याकडंच आला होता, स्टुलावर बसला होता, मी त्याला 'हनुवटी खाली' म्हणालो होतो. तू मला हे आधी कधी सांगितलं नाहीस. का सांगितलंस अन् मी ऐकलं नाही? मला आता हेही नक्की आठवेना. तू मे महिन्यात पुष्कळ बोलत होतीस. मी कपाटातले रोल मोजत होतो एवढं आठवतं.

परवा वळलो.

सूर्य बुडायला थोडा अवकाश होता. मनात आलं, बघावं एकदा, कुणाला कळणार आहे? स्टँड उचलला अन् फिरवला. सरजा, मी तुला कसं सांगू? जो उजेड मी दीड महिना पकडायला धडपडत होतो तो सगळा तिकडं पडला होता. पत्र्याची छपरं, निळा झेंडा, चुना दिलेल्या भिंती, दोरीवरची धुणी, शेळ्या, सगळं हळद लावल्यासारखं. माणसांची तोंडं स्वच्छ दिसत होती, डोळ्यांसकट. बायनाबाईला हेच पाहिजे होतं! अन् मी त्या पोरांना सूर्याकडं पाठ करून उभं केलं. तोंड उजेडाकडं करायचं असतं हे लहान लेकरालाही कळतं. मी रोज स्टुडिओत दिवे लावताना तेच करतो. बाहेर आलो की माझी अक्कल कुठं जाते?

माझी सावली मात्र मधी येत होती. केवढी लांब! थेट रानातून पहिल्या घरापर्यंत गेली होती. ती कशी चुकवावी म्हणून मी वाकून कॅमेऱ्यात बघतोय, तर त्या पहिल्या घराच्या दारात, बाजेवर, हिरवं लुगडं दिसलं.

ते लुगडं मी ओळखतो. मागच्या अक्षयतृतीयेला मीच आणलंय. त्या वेळेला ते मारुतीच्या देवळात असायला पाहिजे होतं, रोजच्यासारखं. पण ते चांगुणाबाईच्या बाजेवर होतं, मांडीवर स्टीलचा डबा. चांगुणाबाई त्यातला हलवा तोंडात टाकून बघत होती, अन् तुझी आई तिच्या तोंडाकडं बघत होती. तू पहिल्यांदा भाकरी केलीस तेव्हा ती माझ्या तोंडाकडं अशीच बघत होती.

मी बटण दाबलं. हात सवयीनं चालतो. मग सामान आवरलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, 'आज देवळात लय गर्दी व्हती.' मी म्हटलं, हो का. दोघं जेवलो. मला राग यायला पाहिजे होता. आला का नाही, ते मला अजून ठरवता येईना. भाजीत मीठ नव्हतं तेही मी बोललो नाही.

आता खरं सांग. 'मागं वळून बघा' हे तू फोटोसाठी लिहिलंस का ह्यासाठी? तुला माहीत होतं का? तुझी आई तिकडं किती दिवसांपासून जायलीय? तुमी तिघी मिळून मला खुळ्यात काढायलाव का? का मीच सगळ्यात शेवटी बघणारा?

तो फोटो धुवून आला की पाठवतो. तुझ्या आईला ह्यातलं कळवू नकोस. तिला देवळात जाऊ दे.

दत्तराव


पाथरी
१७ जानेवारी १९९४

चि. सरजा हिस अनेक आशीर्वाद.

संक्रांत झाली. कशी झाली ते लिहितो, तुला त्यातलं काही उमगलं तर मला कळव.

भोगीच्या दिवशी तुझ्या आईनं बाजरीची भाकरी ताटात टाकली अन् म्हणाली, 'उद्या पोरं यायलेत. मीच बोलावलंय. तुमाला वाटंल तर स्टुडिओत कडी लावून बसा, पण मी फोटो काढणार, दुसरा फोटोवाला आणून.' दुसरा फोटोवाला! मानवतहून! मी म्हटलं, तो काय डोंबल काढणार आहे सूर्यास्तात?

चौदा तारखेला दुपारीच मी स्टँड खांद्यावर घेऊन पुलावर गेलो. का गेलो, विचारू नकोस. त्याच सुमारास विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. कालव्याच्या पलीकडं हलगी सुरू झाली, पेढे वाटायला लागले. अलीकडं बाजारात दुकानांची शटरं खाली आली. पुलावर मधोमध मी. तिकडून एक पोरगं पळत आलं, माझ्या हातावर पेढा ठेवून गेलं. इकडून कुणी बघितलं का म्हणून मी मागं बघितलं, अन् तोंडात टाकला. पेढा गोडच होता.

एसटी काही आली नाही. सूर्य बुडाला. तू शिकवलंस तसा मी थांबलो, आभाळ आधी तांबडं, मग जांभळं, मग वांग्याच्या सालीसारखं झालं, अन् पलीकडं पहिला दिवा लागला. इतका चांगला उजेड मी ह्या हिवाळ्यात बघितला नव्हता. पण एकही फोटो काढला नाही. समोर कुणी नव्हतं तर कशाचा काढू?

मग चांगुणाबाई पुलावर आली. आमी दोघं आजवर कधी बोललो नव्हतो. थोडं लांबच उभी राहिली. म्हणाली, 'दत्तराव, येष्ट्या बंद हायेत. पोरं आज न्हाई यायची. गारठा पडायलाय, घरला जावा.' मी स्टँडचे पाय मिटायला लागलो. तर म्हणाली, 'तुमच्या नर्मदाबाईनं दागिने माझ्यापाशी ठिवलेत. आमच्यात आता हे संक्रांतीचं न्हाई. पर मायची हौस हाय, म्हणून ठिवले. परातीत पाणी घालून वर डबा ठिवलाय, मुंग्या लागू देत न्हाई.'

मी म्हटलं, 'बरं.'

एवढाच शब्द आला बघ. रस्त्यानं येताना कितीतरी सुचलं. बसा म्हणायचं होतं, पुलावर कुठं बसवणार? सितारामची खुशाली विचारायची होती. माझ्या तोंडून 'बरं' आलं, अन् ती गेली.

घरी तुझी आई काळ्या साडीची घडी मांडीवर घेऊन बसलेली. मला बघून डोळे पुसले अन् म्हणाली, 'तुमाला बरं वाटलं असंल.' सरजा, मला बरं वाटलं का? मी स्वतःला तीन दिवस हेच विचारायलोय. तुमी आला असता तर मी पुलावर उभा राहिलो असतो का पळून गेलो असतो, हे मला खरंच माहीत नाही. पण बरं वाटलं नाही. एवढं नक्की.

तुमी निघाला होता का? का निघालाच नव्हता? मनातून रागावली असशील तर तसं लिही. तो मागं वळून काढलेला फोटो सोबत आहे. त्यात तुझी आई आहे, तुझ्या आत्याबाई आहेत, शेळ्या आहेत. सगळं आहे.

तुझा,
दत्तराव


पाथरी
९ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. सरजा आणि चि. सितारामराव यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो परत आला. मागं तुझं तांबडं अक्षर, 'आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. फक्त तुमची सावली मधे आली, ती टाळा.' अन् त्याच्या खाली निळ्या शाईत दुसरं अक्षर. मास्तरी वळणाचं, ओळ सरळ. 'आप्पा, आम्ही संक्रांतीला सकाळीच निघालो होतो. परभणीच्या पुढे गाडी गेली नाही. संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसलो आणि परत फिरलो. सरजा काळी साडी नेसणार होती.'

तुमी तिकडं स्टँडवर, मी इकडं पुलावर. एकाच वेळेला.

सितारामराव, तुमी मला आप्पा म्हणालात. मी ते तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाल्या, 'दागिने अजून तसेच हाईत. रथसप्तमीपर्यंत चालतं.' मी पंचांग काढून बघितलं, चालतं. रथसप्तमी म्हणजे सूर्याचाच दिवस. तेव्हा दोघांनी यायचं. एसट्या आता सुरळीत आहेत, मी स्टँडवर विचारून आलोय.

आता कामाचं बोलतो. फोटो कालव्याच्या पुलाशी, भीमनगरच्या अंगाला. सूर्य चिंचेमागून निघून पुन्हा उजवीकडं आलाय, आता तो मोकळ्या रानात बुडतो, अडचण नाही. तुमी दोघांनी पश्चिमेला तोंड करून उभं राहायचं. मी सूर्याकडं पाठ करीन. सूर्य ह्या फोटोत घेणार नाही, तो तुमच्या तोंडावर येईल तेवढा पुरे. मागं घरं, ज्वारी काढलेलं रान अन् आभाळ दिसू द्यावं म्हणतो. तुझ्या पद्धतीनं आभाळ कमी ठेवीन.

सरजा, काळी नेस नाहीतर पांढरी नेस. काळी असली तर मी भिंग एक घर जास्त उघडीन, पांढरी असली तर एक घर कमी. दागिने घालायचे का नाही ते तुमी दोघं ठरवा. सितारामरावांसाठी तुझ्या आईनं हलव्याचं मनगटी घड्याळ केलंय, त्यात काटेसुद्धा आहेत. त्यांना नको असेल तर मी समजावीन तिला. प्रयत्न करीन.

तुमच्या दोन्ही अंगाला खुर्च्यांवर दोघी विहिणी. चांगुणाबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आमी कशाला फोटोत?' मी म्हटलं, 'तुमी नसलात तर ग्रुप होत नाही.' ह्या वेळेला 'बरं' त्या म्हणाल्या. खुर्च्या स्टुडिओतल्या नेणार आहे, सायकलवर एकेक करून.

तू मला एवढं शिकवलंस, त्यातलं एक मी मोडणार आहे. मधोमध काही बसवू नका म्हणालीस. मी तुमा दोघांना मधोमधच उभं करणार. रेघ ओढून, मोजून, बरोबर मधी. मला काही ऐकायचं नाही.

सूर्य बुडून गेल्यावरही एक काढू, तू म्हणतेस तसा, जांभळ्या उजेडातला. तो तुमाला ठेवा. पण पहिला बुडायच्या आधी काढणार, अन् त्यात माझी सावली येणार. ती कशी टाळायची ते मला आता येतं, दोन पावलं बाजूला सरकलं की झालं. पण मी सरकणार नाही. मला बटण दाबायचं आहे, मी तुमच्यात उभा राहू शकत नाही. लग्नात आलो नाही, निदान ह्या फोटोत तुमच्या पायांपाशी माझी सावली तरी असू दे.

तिला कात्री लावू नकोस.

तुमचा,
आप्पा